मॉड अपलोड करण्याआधी : करार, कॉपीराइट आणि तुमची झिप कोणत्या क्रमानं तपासायची

"दादा, मॉड बनवणं लीगल आहे का?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा येतो, आणि जवळजवळ नेहमी मॉड (म्हणजे गेममध्ये खेळाडूनं स्वतः केलेला बदल) अपलोड झाल्यावर येतो. लालपरीची स्किन तयार आहे, यूट्यूबवर व्हिडिओ चढलाय, डिस्क्रिप्शनमध्ये लिंक टाकलीय, आणि मग कुणीतरी कमेंटमध्ये "कॉपीराइट स्ट्राइक येईल" म्हणतो तेव्हा करार वाचायची आठवण होते. वरातीमागून घोडं.

या प्रश्नाला हो-नाही असं उत्तर देता येत नाही, कारण त्यात तीन प्रश्न एकत्र बांधलेले आहेत. कंपनीशी केलेला करार मोडतोय का? कुणाचा कॉपीराइट मोडतोय का? आणि गेमला लावलेलं कुलूप, म्हणजे तांत्रिक संरक्षण, फोडतोय का? एकाच मॉडला या तिन्हींची तीन वेगळी उत्तरं मिळू शकतात. खाली जो क्रम दिलाय तो पाळला तर ती सुटी सुटी मिळतात. मी वकील नाही, मॉड बनवणारा आहे. पैशांचा मोठा व्यवहार असेल किंवा नोटीस आली असेल तर वकील गाठा.

टप्पा १ : काय बदलताय ते एका ओळीत लिहा

करार उघडण्याआधी वही उघडा. "मी बस मॉड बनवतोय" एवढं पुरत नाही. गेमच्या कुठल्या भागाला हात लावताय ते लिहा. ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

1. गेमनं स्वतः ठेवलेल्या दारातून आत जाणं. 'बस सिम्युलेटर इंडोनेशिया'मध्ये स्वतःची लिव्हरी (बसची रंगसंगती) आणि स्वतःचं थ्रीडी वाहन घालायची सोय कंपनीनंच दिलेली आहे. इथे धोका सगळ्यात कमी.
2. कंपनीच्या अधिकृत टूलनं नवं काही बनवणं, जसं 'स्कायरिम'साठी क्रिएशन किट.
3. गेम चालू असताना मेमरीत किंवा डीएलएल (कोडची जोडफाइल) घुसवून वागणूक बदलणं. स्क्रिप्ट एक्स्टेंडर, ट्रेनर, चीट हे सगळे यात येतात.
4. गेमची मूळ एक्झी (संगणकावर) किंवा एपीके (अँड्रॉइडवर) फाइलच बदलून ती वाटणं.

सावध : आपल्याकडे 'मॉड' हा शब्द सर्रास 'मॉड एपीके'साठी वापरतात. पैसे न भरता सगळं अनलॉक केलेलं ॲप म्हणजे मॉड नव्हे. ते कंपनीचं अख्खं ॲप उघडून, बदलून, दुसऱ्याच डिजिटल सहीनं पुन्हा बांधलेलं असतं. म्हणूनच मूळ ॲपचं अपडेट त्यावर बसत नाही, अँड्रॉइड सही जुळत नाही म्हणून अडवतं. तुमचं काम चौथ्या प्रकारात मोडत असेल तर पुढचे टप्पे वाचण्यापेक्षा ते आधी पहिल्या तीनपैकी कशात बसवता येईल का ते बघा.

टप्पा २ : एक नव्हे, सगळे कागद गोळा करा

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. लोक इन्स्टॉल करताना दिसलेला करार वाचतात, त्यात "बदल करू नका" असं दिसलं की घाबरतात किंवा "कोण बघतंय" म्हणून सोडून देतात. खरी परवानगी बऱ्याचदा दुसऱ्याच कागदात असते, आणि खरी मनाई तिसऱ्या.

हे कागद शोधून एका फोल्डरमध्ये ठेवा :

- गेमचा वापरकर्ता परवाना करार, म्हणजे यूला
- स्टोअरचा करार (स्टीमवर घेतला असेल तर स्टीम सबस्क्रायबर ॲग्रीमेंट)
- मॉडिंग टूलचा वेगळा करार, टूल असेल तर
- कंपनीचं मॉड धोरण किंवा फॅन कंटेंट धोरण
- ऑनलाइन खेळाचे वेगळे नियम
- ज्या साइटवर मॉड टाकणार तिच्या अटी

हे सगळे का लागतात ते दोन उदाहरणांवरून बघा. 'जीटीए' काढणाऱ्या रॉकस्टारची मालक कंपनी टेक-टू, तिच्या करारात सॉफ्टवेअर बदलायला, उलगडायला आणि त्यावर आधारित कृती बनवायला सरळ मनाई आहे. तेवढंच वाचलं तर 'जीटीए ५'चं प्रत्येक मॉड बेकायदा वाटेल. पण जून २०१७ मध्ये 'ओपनआयव्ही' या मॉडिंग टूलला कंपनीनं नोटीस दिली, खेळाडूंनी स्टीमवर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पाडला, आणि मग रॉकस्टारनं जाहीर केलं की पीसीवरच्या, एकट्यानं खेळायच्या, बिनव्यापारी आणि इतरांच्या हक्कांना धक्का न लावणाऱ्या प्रकल्पांवर टेक-टू साधारणपणे कारवाई करणार नाही. त्याच निवेदनात मल्टिप्लेअरला हात लावणारं काहीही, आणि दुसऱ्या गेममधला माल आणणं, अगदी रॉकस्टारच्याच दुसऱ्या गेममधलाही, या सवलतीतून वगळलेलं आहे. 'सॅन अँड्रियास'चा नकाशा उचलून 'जीटीए ५'मध्ये बसवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

'माइनक्राफ्ट'चं बरोबर उलट. तिथे परवानगी करारातच आहे : गेम विकत घेतला असेल तर मॉड घाला, बनवा, अगदी शून्यातून बनवलेलं मॉड तुमचं स्वतःचं. पण मॉड म्हणजे काय याची व्याख्याही तिथेच आहे. त्यात मोजांगच्या, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीच्या, कोडचा किंवा कंटेंटचा मोठा भाग असता कामा नये. बदललेला अख्खा गेम वाटायचा नाही, मॉड विकायचं नाही.

तपासा : प्रत्येक कागदाची पीडीएफ काढून नावात तारीख घातली का? करार बदलत राहतात. तुम्ही अपलोड केलं त्या दिवशी काय लिहिलेलं होतं, हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

टप्पा ३ : करार पहिल्या पानापासून वाचू नका

चाळीस पानं सलग वाचली की सातव्या पानावर झोप लागते. सर्च वापरा, आणि या क्रमानं.

आधी 'मॉडिफाय' आणि 'डेरिव्हेटिव्ह' शोधा. मनाईचं वाक्य सापडेल. ते वाक्य शेवटपर्यंत वाचा, कारण पुष्कळदा शेपटीला "लागू कायद्यानं परवानगी दिली असेल तेवढं सोडून" अशा अर्थाची सूट असते. ती असेल तर टप्पा ४ तुमच्यासाठी महत्त्वाचा.

मग 'रिव्हर्स इंजिनीअर' आणि 'डीकंपाइल'. तुम्ही फक्त पीएनजी बदलत असाल तर पुढे चला. कोड उलगडून बघितला असेल तर थांबून लिहून ठेवा : काय बघितलं, कशासाठी.

मग 'कमर्शियल'. देणगी, जाहिरात, लवकर प्रवेशासाठी पैसे, हे शब्द वेगवेगळे येतात का ते बघा. त्याबद्दल टप्पा ७ मध्ये.

मग 'युजर जनरेटेड कंटेंट'. हे कलम कुणीच वाचत नाही आणि पस्तावा सगळ्यात जास्त याचाच होतो. तुम्ही बनवलेलं कुणाचं, ते इथे ठरतं. बऱ्याच करारांत तुम्ही कंपनीला कायमचा, जगभराचा, फुकट परवाना देता. काही ठिकाणी त्याहून पुढे. 'वॉरक्राफ्ट ३'मधल्या एका कस्टम नकाशातून 'डोटा' जन्माला आला आणि त्या नावावरून ब्लिझार्ड ('वॉरक्राफ्ट'वाली कंपनी) आणि व्हॉल्व्ह (स्टीमवाली कंपनी) यांच्यात वाद होऊन २०१२ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर २०२० मध्ये 'रीफोर्ज्ड' आवृत्ती आली तेव्हा ब्लिझार्डच्या धोरणात लिहिलेलं होतं की कस्टम गेम्स ब्लिझार्डच्या मालकीचे राहतील. म्हणजे स्वतःची गोष्ट, स्वतःची पात्रं घेऊन पुढे वेगळा गेम काढायचा मनसुबा असेल, तर ती पात्रं अशा मॉडमध्ये आधी वापरायची नाहीत.

शेवटी 'गव्हर्निंग लॉ' आणि 'टर्मिनेशन'. वाद कुठल्या कायद्यानं सुटणार आणि कंपनी काय बंद करू शकते, एवढं टिपा.

टप्पा ४ : आता तीन प्रश्न वेगळे करा

तीन प्रश्न वेगळे का, हे सांगायला अमेरिकेतला एक खटला फार उपयोगी पडतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'साठी 'ग्लायडर' नावाचा बॉट विकला जायचा. तुम्ही झोपा, तो तुमच्या जागी खेळेल. २०१० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टानं सांगितलं : बॉट वापरणं हा कराराचा भंग आहे, पण तेवढ्यानं कॉपीराइटचा भंग होत नाही. मात्र 'वॉर्डन' ही पहारा देणारी यंत्रणा चुकवणारं साधन विकणं हा कुलूप फोडण्याविरुद्धच्या कायद्याचा भंग. एकच सॉफ्टवेअर, तीन प्रश्न, तीन उत्तरं.

*करार.* "मी वाचलंच नव्हतं" हे चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०ए सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला एवढ्याच कारणावरून तो निरुपयोगी ठरत नाही. करार मोडल्याचा रोजचा परिणाम म्हणजे अकाउंट बंद.

इथे अकरावी-बारावीतली मुलं एक युक्तिवाद करतात : "मी अठराचा नाही, भारतात अल्पवयीनाचा करार रद्दबातल असतो, म्हणजे यूला मला लागू नाही." पहिला अर्धा भाग बरोबर आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम ११, आणि १९०३ चा मोहरी बीबीचा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल. पण बाळा, करारच नाही तर त्या करारानं मिळालेली गेम वापरायची परवानगीही नाही. आणि कॉपीराइट कायदा तुमच्या सहीची वाट बघत बसत नाही.

*कॉपीराइट.* आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम हे 'साहित्यकृती'त मोडतात, आणि त्यांचं रूपांतर करायचा हक्क मालकाचा आहे. पण कलम ५२(१) मध्ये काही गोष्टी उल्लंघनातून वगळल्या आहेत. मॉडवाल्यांनी त्यातली चार उपकलमं पाठ करावीत. 'एए' : ज्या कामासाठी प्रोग्रॅम दिला त्यासाठी वापरता यावा म्हणून, किंवा बॅकअप म्हणून, प्रत किंवा रूपांतर. 'एबी' : स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमबरोबर चालावा म्हणून लागणारी माहिती काढणं, ती सहज उपलब्ध नसेल तर. 'एसी' : प्रोग्रॅम कसा चालतो ते बघणं, अभ्यासणं, तपासणं. आणि 'एडी' : स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून, बिनव्यापारी वैयक्तिक वापरासाठी प्रत किंवा रूपांतर करणं.

हे चौथं उपकलम मॉडवाल्याच्या सगळ्यात कामाचं. विकत घेतलेल्या गेममध्ये घरी, स्वतःसाठी बदल केलात तर त्याचा आधार घेता येतो. फक्त त्यातले शब्द नीट बघा : "कायदेशीरपणे मिळवलेल्या", "वैयक्तिक". टोरंटवरून उतरवलेल्या गेमला हे कलम लागत नाही. आणि लिंक यूट्यूबखाली टाकली त्या क्षणी 'वैयक्तिक' संपलं. शिवाय हे उपकलम प्रोग्रॅमपुरतं आहे. गेममधली चित्रं, संगीत, संवाद यांचे हक्क वेगळे असतात आणि त्यांच्या खासगी वापरासाठी कलम ५२(१)(ए) मधला 'फेअर डीलिंग'चा भाग बघावा लागतो, जो प्रोग्रॅमना लागू नाही. दोन्ही मिळून घरातलं मॉड बऱ्यापैकी झाकलं जातं. वाटप झाकलं जात नाही.

वाटपाबद्दल आणखी एक गैरसमज : "माझ्या झिपमध्ये त्यांची एकही फाइल नाही, मग कॉपीराइट कसला?" १९९८ चा 'मायक्रो स्टार विरुद्ध फॉर्मजेन' हा अमेरिकी निकाल याचंच उत्तर आहे. खेळाडूंनी बनवलेल्या 'ड्यूक न्यूकम थ्रीडी'च्या ३०० लेव्हल गोळा करून एका कंपनीनं सीडी विकली. त्या मॅप फाइलींमध्ये मूळ गेमची चित्रं नव्हती, फक्त कुठलं चित्र कुठे लावायचं याच्या सूचना होत्या. तरी कोर्टानं म्हटलं, यातून ड्यूकच्याच गोष्टीचे नवे भाग तयार होतात, आणि तो हक्क मालकाचा. लेव्हल फुकट वाटायला मूळ कंपनीची परवानगी होती, विकायला नव्हती.

युरोपात वारं थोडं वेगळं आहे. सोनी आणि डेटेल यांच्या वादात युरोपीय न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२४ ला ठरवलं की गेम चालू असताना मेमरीतल्या बदलत्या किमती बदलणं, मूळ कोडला हात न लावता, हे तिथल्या सॉफ्टवेअर निर्देशानं संरक्षित गोष्टीत येत नाही. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना याचा उपयोग आहे. सांगलीत बसून तो निकाल दाखवू नका.

*कुलूप.* २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५ए आलं. हक्क मोडण्याच्या इराद्यानं तांत्रिक संरक्षण चुकवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आपल्याकडे 'इराद्यानं' हा शब्द कलमातच आहे आणि कायद्यानं स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी सूटही आहे. अमेरिकेचा कायदा याहून कडक आहे, आणि तुमचं मॉड ज्या साइटवर आहे ती बहुधा अमेरिकेतच असते.

तपासा : वहीत तीन रकाने करा, करार, कॉपीराइट, कुलूप. प्रत्येकात एक वाक्य लिहिता आलं पाहिजे. "माहीत नाही" असलेला रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा ५ : प्रत्येक फाइलचा जन्मदाखला

आता माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका ट्रक गेमसाठी एसटीची बस बनवली. बॉडी माझी, रंग माझा, मागची शिडीसुद्धा मी ब्लेंडरमध्ये दोन रात्री जागून केलेली. चाकं मात्र एका मित्रानं दिली. "मीच केलीत" म्हणाला, मी विचारलं नाही. अपलोड करून आठ दिवस झाले नाहीत तोच साइटकडून मेल : तक्रार आली आहे, मॉड काढलं. चाकं दुसऱ्या एका पैसे देऊन घ्यायच्या गेममधून जशीच्या तशी उचललेली होती, टेक्श्चर फाइलचं नावही त्यानं बदललं नव्हतं. सहा चाकांपायी अख्खी बस गेली, आणि अकाउंटवर डाग राहिला तो वेगळाच.

तेव्हापासून प्रत्येक मॉडबरोबर एक तक्ता ठेवतो. फाइलचं नाव, कुणी बनवली, कुठून आली, कुठल्या परवान्यानं, परवानगीचा पुरावा कुठे. 'नेटवरून' हे उत्तर चालत नाही.

आपल्याकडे हमखास चुकणाऱ्या जागा :

दुसऱ्या गेममधून काढलेली मॉडेल्स. फुकट मॉडेलच्या साइटवर सापडलं म्हणून ते फुकट असतं असं नाही, चढवणाऱ्यानंच ते चोरून आणलेलं असू शकतं.

लोगो. लालपरीचा रंग लावणं आणि महामंडळाचं बोधचिन्ह दारावर छापणं यात फरक आहे, दुसऱ्यात ट्रेडमार्कचा मुद्दा येतो. ट्रक कंपन्यांच्या नावांचंही तेच. 'युरो ट्रक सिम्युलेटर २' काढणाऱ्या एससीएसनंही सुरुवातीला मर्सिडीजचा ट्रक 'मॅजेस्टिक' या टोपणनावानं दिला होता. जी खबरदारी कंपनी घेते ती आपण का घेऊ नये?

हॉर्न आणि गाणी. बसमध्ये वाजणारं चित्रपटगीत हे सगळ्यात लवकर पकडलं जातं. यंत्रच ओळखतं, माणूस लागत नाही.

फॉन्ट. पाटीवर 'स्वारगेट' देवनागरीत लिहिण्यासाठी कुठला फॉन्ट वापरला? डीटीपीच्या दुकानातून पेनड्राइव्हवर आलेले फॉन्ट सहसा विकतचे असतात. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' घ्या. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. फॉन्टची फाइल मॉडमध्ये घालत असाल तर परवान्याचा मजकूरही सोबत घाला.

मराठी भाषांतर. संवाद मराठीत आणणं हे प्रेमाचं काम खरं, पण भाषांतराचा हक्क कलम १४ प्रमाणे मूळ मालकाचा. कंपनीला लेखी विचारा. छोटे स्टुडिओ उत्तर देतात असा माझा अनुभव आहे, काही तर संवादांची स्प्रेडशीटच पाठवतात. मेल चार ओळींचा ठेवा : कोणता गेम, काय करणार, फुकट वाटणार, कुठे टाकणार.

दुसऱ्याचं मॉड. 'क्रेडिट दिलंय' म्हणजे परवानगी घेतली असं होत नाही. आणि परवाना असला तरी तो वाचावा लागतो. सप्टेंबर २०१४ मध्ये 'माइनक्राफ्ट'चं 'क्राफ्टबक्किट' हे सर्व्हर सॉफ्टवेअर त्याच्याच एका योगदानकर्त्याच्या तक्रारीवरून बंद पडलं. त्याचं म्हणणं असं की माझा कोड जीपीएलखाली (सोबत बांधलेला कोडही खुला ठेवायला लावणारा परवाना) आहे आणि तुम्ही तो मोजांगच्या बंद कोडबरोबर बांधून वाटताय. हजारो सर्व्हर त्यावर चालत होते.

टप्पा ६ : झिपमध्ये फक्त तुमचंच ठेवा

वरच्याच प्रकरणातला धडा. 'स्पिगॉट' या 'माइनक्राफ्ट'च्याच दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यानंतर तयार सर्व्हर वाटणं सोडलं आणि 'बिल्डटूल्स' आणलं : ते तुमच्या संगणकावर मूळ जार (प्रोग्रॅमची फाइल) उतरवतं, त्यावर पॅच चढवतं आणि सर्व्हर तिथेच बांधतं. कंपनीची फाइल दुसऱ्या कुणी वाटलीच नाही.

आपल्या छोट्या मॉडलाही हेच तत्त्व लावा. एखादी मूळ फाइल बदलणं भागच असेल तर ती अख्खी देऊ नका, एक्सडेल्टासारख्या टूलनं फक्त फरकाचा पॅच बनवा. ज्याच्याकडे मूळ गेम आहे त्यालाच तो उपयोगी पडतो. मूळ एक्झी, मूळ आवाज, मूळ टेक्श्चर, बॅकअप म्हणून ठेवलेली 'ओल्ड' नावाची फोल्डर, काही जाऊ देऊ नका.

रीडमी फाइलमध्ये चार गोष्टी हव्यात : मॉड अनधिकृत आहे आणि कंपनीचा याच्याशी संबंध नाही. मूळ गेम विकत घेतलेला लागेल. कुठली फाइल कुणाची. आणि तुमचं मॉड इतरांनी वापरायचं तर कुठल्या अटींवर.

तपासा : झिप दुसऱ्याच संगणकावर, रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा आणि एकेक फाइल टप्पा ५ च्या तक्त्याशी ताडून बघा. तक्त्यात नसलेली फाइल दिसली तर ती काढा, मग मॉड मोडलं तरी चालेल.

टप्पा ७ : पैसे

कंपन्या बऱ्याच गोष्टींकडे काणाडोळा करतात, पैसे दिसले की मात्र डोळे उघडतात. 'सिम्स ४'च्या धोरणात मॉड विकायला मनाई आहे, पण जाहिरात आणि देणगी चालते. २०२२ मध्ये त्यात लवकर प्रवेशाची वाट ठेवली गेली : पाठीराख्यांना आधी द्या, पण वाजवी मुदतीनंतर सगळ्यांना फुकट. म्हणजे 'कायम पेवॉल' (पैसे भरल्याशिवाय कधीच नाही) आणि 'पंधरा दिवस आधी' यात फरक केला जातो. त्याच वर्षी टेक-टूनं आपल्या गेम्ससाठी पॅट्रिऑन या वर्गणीच्या साइटवर पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या व्हीआर मॉडवर तक्रार करून ती काढायला लावली.

कंपनीनं स्वतः दुकान उघडलं म्हणून सगळं सुरळीत होतं असंही नाही. एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व्ह आणि 'स्कायरिम'ची कंपनी बेथेस्डा यांनी त्या गेमची मॉड स्टीमवर विकायला सुरुवात केली, मॉडरला २५ टक्के. मासेमारीचं एक मॉड दुसऱ्या मॉडरच्या ॲनिमेशनवर उभं असल्याचं निघालं आणि ते लगेच काढावं लागलं. चार-पाच दिवसांत अख्खी योजनाच गुंडाळली.

माझा स्वतःचा नियम : देणगीचं बटण माझ्या नावाला लावतो, मॉडला कधीच नाही. यूपीआयचा क्यूआर डाउनलोडच्या आधी आडवा येत असेल तर ती देणगी नव्हे, किंमत आहे.

टप्पा ८ : ऑनलाइनपासून तोडा

मल्टिप्लेअरमध्ये टप्पा ४ मधली सगळी बारीक चर्चा फुकट जाते. तिथे सर्व्हर त्यांचा, नियम त्यांचे. व्हॉल्व्हच्या व्हॅक या चीट पकडणाऱ्या यंत्रणेची बंदी कायमची असते, अपील नाही. त्यामुळे ऑनलाइन भाग असलेल्या गेममध्ये मॉडची वेगळी प्रत, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मॉड ऑनलाइन मोडमध्ये चालणारच नाही अशी तपासणी कोडमध्येच घाला. नुसतं रीडमीत "ऑनलाइन वापरू नका" लिहिलं तर कुणी वाचत नाही.

टप्पा ९ : नोटीस आली तर

पहिले चोवीस तास काहीही पोस्ट करू नका. ना शिवीगाळ, ना 'सगळ्यांनी डाउनलोड करून ठेवा'. हे दुसरं वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वाचलं जाऊ शकतं.

नोटिशीत कुठली फाइल म्हटली आहे ते बघा आणि तक्त्यात ती शोधा. तक्रार खरी असेल तर फाइल काढा, साइटला आणि तक्रारदाराला दोन ओळी लिहा, स्वच्छ आवृत्ती तयार करा आणि साइटच्या परवानगीनं ती चढवा. दहातली नऊ प्रकरणं इथेच मिटतात.

भारतातल्या साइटवर तक्रार असेल तर २०१३ च्या नियमांप्रमाणे मध्यस्थाला ३६ तासांत मजकूर अडवावा लागतो, आणि तक्रारदारानं २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. अमेरिकी साइटवर असेल तर तिथला डीएमसीए हा कॉपीराइट कायदा लागतो. तक्रार चुकीची आहे अशी खात्री असेल तर प्रतिनोटीस देता येते, मग तक्रारदार कोर्टात गेला नाही तर साइट १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावते.

सावध : प्रतिनोटीस म्हणजे 'डिसअग्री'चं बटण नव्हे. त्यात खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, खोटं लिहिलं तर शिक्षा होऊ शकते हे मान्य करावं लागतं आणि अमेरिकी कोर्टाचं अधिकारक्षेत्र कबूल करावं लागतं. ती सगळी माहिती तक्रारदाराकडे जाते. 'जीटीए ३' आणि 'व्हाइस सिटी'चा कोड उलगडून पुन्हा लिहिणारा 're3' हा प्रकल्प, देवनागरीत आरई-थ्री म्हणूया, फेब्रुवारी २०२१ मध्ये गिटहबवरून काढला गेला. प्रतिनोटीस दिल्यावर तो परत आला. सप्टेंबरमध्ये टेक-टूनं खटला भरला. म्हणून प्रतिनोटिशीचा फॉर्म उघडण्याआधी टप्पा २ मधल्या पीडीएफ, टप्पा ४ ची वही आणि टप्पा ५ चा तक्ता घेऊन वकिलाकडे जा. आणि अकाउंट आईबाबांच्या नावावर असेल तर त्यांना आधी सांगा, कारण फॉर्मवर पत्ता तोच जाणार आहे.